पान सातवरचा पत्ता

औरंगाबादला जाऊन काय बघितलंस, असं आमच्या इचलकरंजीत जो भेटेल तो अजून विचारतोय. वेरूळ? नाही. दौलताबादचा किल्ला? रेल्वेच्या खिडकीतून, तोही निम्मा. अजिंठा? तेही नाही. चित्रं काढणारी बाई अजिंठ्याच्या जिल्ह्यात चार दिवस राहून लेणी न बघता परत आली, हे ऐकून आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी कपाळावर हात मारून घेतला. मारू देत. मी चार दिवसांत एक पत्र्याची खोली, एक शाळेचा हॉल, एक चहाचा गाडा आणि एक बाजार बघितला, आणि सगळीकडं भांडले. त्याचीच ही हकिकत.

आधी मी कोण ते सांगते, नाहीतर भांडणाला बूड राहणार नाही. मी सुमन. पोटासाठी पातळांच्या काठांची नक्षी काढते. चौकटीच्या कागदावर मोर, कोयरी, परत मोर. आणि जिवासाठी ‘चिमटा’ काढते. ‘चिमटा’ म्हणजे माझं चित्रकथेचं पुस्तक, वर्षातून एकदा निघणारं. लिहायचं मी, काढायचं मी, छापायचं मी, विकायचं पण मीच. माझ्या मामेभावाचा लग्नपत्रिका छापायचा धंदा आहे. लग्नसराई संपली की त्याची स्क्रीन-प्रिंटिंगची जाळी रिकामी पडते, तेव्हा ती मला मिळते. म्हणून ‘चिमटा’ दर वर्षी आषाढात निघतो. लोकांना वाटतं मी मुहूर्त बघते.

त्यातली नायिका गोदाक्का. माग चालवणारी, तोंडानं फटकळ. पहिल्या अंकात तिचे हात सतत पदराखाली होते, कारण मला हात काढताच येत नव्हते. वाचणाऱ्यांना वाटलं बाई मर्यादशील आहे! दुसऱ्या अंकात हात बाहेर आले, पण वांग्यासारखे. सहाव्या अंकापर्यंत येता येता कुठं ते माणसाचे झाले. एवढ्याला सहा वर्षं गेली आणि त्याची मला लाज नाही.

‘चिमट्या’चा चौथा अंक कुणाच्या तरी पिशवीतून औरंगाबादला गेला आणि तिथून एका मुलीचं पत्र आलं. कमल नाव. लिहिलं होतं, “तुमची गोदाक्का मालकाशी भांडते ते बेस हाय. पण तिला एक अक्षर येत नाही असं कामून दाखवता? आमच्यातल्या बाया दिवसा कारखान्यात जातात आणि रात्री बी.ए.चा अभ्यास करतात.” मला राग आला, मग लाज वाटली, मग मी उत्तर लिहिलं. कमल राहते विद्यापीठाच्या गेटासमोरच्या वस्तीत. मी पत्ता लिहिला, विद्यापीठाचं नाव लिहिलं, पत्र टाकलं.

पंधरा दिवसांनी पत्र परत. वर पोस्टमनचा शेरा, ‘घेत नाही.’

मी चक्रावले. स्वतःच पत्र लिहायचं आणि उत्तर आलं की घ्यायचं नाही, ही कुठली रीत? मग तिचं कार्ड आलं. “ताई, तुम्ही जुनं नाव घातलं. जुन्या नावाचं पाकीट मी घेत नाय. नवं नाव घालून पाठवा, वाट बघते.”

आमच्या दक्षिणेकडच्या लोकांना हे फारसं ठाऊक नसतं म्हणून सांगते. ज्यांनी देशाची घटना लिहिली त्यांचं नाव या विद्यापीठाला द्यायचं, असा ठराव सरकारनं कधीच केलाय. ठराव झाला आणि गावोगाव दलितांची घरं जळाली. तेव्हापासून मोर्चे, लाठ्या, तुरुंग, सगळं झालं. गेटावरची पाटी मात्र आहे तशी आहे. पेपरात मी हे वाचलं होतं. वाचून पान उलटलं होतं, खोटं कशाला बोलू.

नवं नाव घालून पाठवलेलं पत्र पोचलं. आणि सहाव्या अंकाचं पान सात हे त्याच गोष्टीचं झालं. आता लिहायला शिकलेली गोदाक्का भाचीला पत्र लिहिते, पत्र परत येतं, गोदाक्का चिडते, मग तिला कळतं. पानाची शेवटची चौकट अर्ध्या पानाएवढी, तिच्यात फक्त पाकीट. त्यावर नव्या नावासकट अख्खा पत्ता. माझ्या आयुष्यात मी काढलेली ती सगळ्यात चांगली चौकट आहे, आणि ती काढताना मला कळत होतं की ती चांगली होतेय.

त्याच सुमाराला औरंगाबादहून छापील आमंत्रण आलं. छोटी मासिकं काढणाऱ्यांचा आणि चित्रवाल्यांचा मेळावा, तीन दिवस, एका शाळेच्या हॉलमध्ये. खाली एक ओळ होती, तिनं माझी झोप उडवली. मेळाव्यातल्या एका चित्रकथेचं समिती ऑफसेटवर पुस्तक काढणार होती. रंगीत, हजारो प्रती, महाराष्ट्रभर दुकानांत. मी जाळीवर रबर ओढून ओढून दोनशे प्रती काढणारी बाई. मनगट सुजतं, वर्षभरात त्या प्रती संपतात आणि पुढं गोदाक्का कुणाला माहीत नाही. ते पुस्तक मला हवं होतं. नुसतं हवं नव्हतं, मला त्याची भूक लागली होती.

वाळूज

पुण्याकडून येणारी एसटी औरंगाबादच्या अलीकडं वाळूजवरून जाते. कमलनं मला तिथंच उतरायला सांगितलं होतं, कारण तिची पाळी दुपारी सुटते. मी ट्रंक खाली घेतली आणि ट्रंकेतून वास आला. आईनं लोणच्याची बरणी दिली होती. ती फुटून वरच्या पंधरा-वीस प्रती तेलात न्हाल्या होत्या. मी रस्त्याच्या कडेला ट्रंक उघडून फतकल मारून बसले आणि आईच्या नावानं ओरडत एकेक अंक पुसायला लागले.

“चिमटा तिखट असतो हे म्हाईत व्हतं,” मागून आवाज आला. “आंबट बी असतो व्हय?”

ती कमल. बारीक चणीची, निळ्या साडीवर कारखान्याचा डगला, खांद्याला पिशवी, पिशवीत राज्यशास्त्राचं पुस्तक. ती स्कूटरच्या सुट्या भागांच्या कारखान्यात तांब्याची तार गुंडाळायचं काम करते. भेटल्या भेटल्या तिनं माझ्या हातातला अंक घेतला, वास घेतला आणि म्हणाली, “कैरीचं. तेल जास्त झालं तुमच्या आईचं.”

वाळूज आमच्यासारखं नाही. आमच्याकडं माग म्हणजे गल्लीत, घरात, माजघरात. खटखट ऐकत पोरं झोपतात. इथं माळावर लांबच लांब पत्र्याची छपरं, भिंती, तारेची कुंपणं, गेटावर खाकीतले पहारेकरी, आणि दोन कारखान्यांच्या मधे कुणाचं तरी उरलेलं ज्वारीचं रान. आवाज म्हणावा तर काहीच नाही. पाळी सुटली की एकदम माणसांचा लोंढा आणि मग पुन्हा सामसूम. आमच्याकडं कारखाना घरात शिरतो. इथं माणसं बसमध्ये बसून कारखान्यात जातात.

“धा वर्षांमागं हितं काय बी नव्हतं,” कमल सांगत होती. “आता बघा. कारखान्याची पाटी लावायला यांना आठ दिवस लागत्यात. विद्यापीठाची पाटी बदलायला मातर कुणाला येळ नाय.”

तिथून बसनं शहरात, गेटासमोरच्या तिच्या पत्र्याच्या खोलीत आलो आणि भाकरी आणि येसराची आमटी खाल्ली. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ, त्याची आमटी. आमच्या तांबड्या रश्श्यापुढं ही गरीब वाटली, मग तिसऱ्या घासाला कळलं की गरीब नाही, शांत आहे. मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. कमल समोर बसली होती आणि मी तिचे हात बघत होते. तारेनं बोटांच्या पेरांवर बारीक बारीक रेघा पडलेल्या. मी वही काढली आणि तिचे हात काढले. तिनं काढू दिले.

“ठराव झाला तवा मी चौथीत होते,” काढता काढता ती म्हणाली. “गावात आमचं घर जाळलं. माझं दप्तर आत व्हतं. आता बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला हाय, आन पाटी तीच. ज्या बापामुळं आमच्या हातात पाटी-पेन्सिल आली त्याचं नाव हाय ते, ताई. गेटावरची पाटी बदलणं माझ्या हातात नाय. पाकीट हाय.”

मी अंगठा खोडून परत काढला.

शाळेचा हॉल

मेळाव्यात माझ्या टेबलावर चिठ्ठी होती, ‘श्री. सुमन, इचलकरंजी.’ मी पेननं ‘श्री.’चं ‘श्रीमती’ केलं आणि सुरुवात तिथंच झाली. टेबल कुठं, तर पाण्याच्या पिंपाशेजारी. जो पाणी प्यायला येई तो ओल्या हातानं अंक उचले. पण उचलत होते! नुसते उचलत नव्हते, उभ्या उभ्या वाचत होते आणि खोखो हसत होते. कॉलेजच्या पोरींनी तर तेलकट अंक मागून घेतले. “लोणच्याचे द्या, लोणच्याचे!” असा गलका. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. सहा वर्षं ‘कॉमिक काय काढता, पोरांचा खेळ तो’ हेच ऐकत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा आपण कुणीतरी आहोत असं वाटलं आणि ते फार गोड वाटलं.

जेवणाच्या सुट्टीत समितीचे देशपांडे सर आले. पन्नाशीचे, सडपातळ, बोलणं अगदी मऊ. मेळावा त्यांनीच उभा केला होता. वर्गणी गोळा करण्यापासून खुर्च्या मांडण्यापर्यंत सगळं त्यांनी केलेलं मी सकाळपासून बघत होते.

“सुमनताई, निवड समितीत तुमचं नाव सगळ्यात वर आहे,” ते हळूच म्हणाले. “हे मी बोललो असं कुणाला सांगू नका. फक्त एक छोटी अडचण आहे.”

त्यांनी खिशातून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. आत कागदाच्या पांढऱ्या पट्ट्या. नीट कात्रीनं कापलेल्या, सगळ्या एका मापाच्या. शेजारी डिंकाची बाटली ठेवली. मला आधी कळेचना. मग पान सात उघडून त्यांनी एक पट्टी पाकिटाच्या चित्रावर धरली. पत्त्यातल्या विद्यापीठाच्या नावावर ती बरोब्बर बसली, ना कमी ना जास्त. निवडीसाठी मी आधी पाठवलेल्या अंकावरून माणसानं घरी बसून माप घेतलं होतं.

“पान काढा असं मी म्हणत नाही. गोष्ट तशीच राहते. एवढी एक ओळ झाकायची. वातावरण तुम्हाला माहीत नाही. तुम्ही परवा गावी जाल, आम्हाला इथं राहायचंय. शाळेचे लोक हॉल बंद करतील. दगड आला तर या पोरांच्या डोक्यात बसेल, तुमच्या-माझ्या नाही.”

“सर, तुमचं स्वतःचं मत काय? नाव बदलावं का नाही?”

ते पट्ट्या नीट करत राहिले. “माझ्या मताचा प्रश्न नाही,” म्हणाले आणि गेले.

आता जे सांगते ते सांगायला नको वाटतंय, पण सांगते. मी लगेच उसळले नाही. मी बसून राहिले. ऑफसेटवर छापलेली रंगीत गोदाक्का मला समोर दिसत होती. एक ओळ तर आहे, गोष्ट तशीच राहते, लोकांना समजायचं ते समजेल, असं मनाशी म्हणत मी बाटली उघडली, एका अंकाचं पान सात काढलं आणि पट्टी चिकटवली. कशी दिसते बघू तरी, म्हणून. बोटानं दाबून सरळ केली. छान बसली, मेली.

नेमकी तेवढ्यात कमल आली. पाळीवरून थेट. माझ्यासाठी डब्यात नान-खलिया घेऊन, कारण औरंगाबादेत येऊन तो न खाता गेलेलं माणूस तिला चालत नाही. डबा ठेवला आणि हौसेनं वरचा अंक उचलला. तोच अंक. पान सात आलं. तिनं पट्टीवरनं बोट फिरवलं, जसं मघाशी मी फिरवलं होतं.

मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर मी पण ओरडले असते आणि बरं झालं असतं. तिनं अंक मिटला, माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, “घेत नाय.”

बास. एवढंच.

नवं पत्र पाठवून मी एकदा सुटले होते, आता कसली सुटते? मी पट्टी ओढून काढली. कागद थोडा फाटला. उरलेल्या पट्ट्या पाकिटात घातल्या, डिंकाची बाटली घेतली आणि भर हॉलमधून देशपांडे सरांच्या टेबलापर्यंत गेले.

“सर, ह्या तुमच्या पट्ट्या. मोजून घ्या. पान सात जसं आहे तसं राहील. पुस्तक नको तर नको. मी हाताला फोड येईपर्यंत जाळी ओढीन, पण ही ओळ झाकणार नाही.”

“सुमनताई, हळू बोला…”

“हळू बोलायला मी काय चोरी केलीय? माझ्या गोदाक्काला सहा वर्षांनी हात फुटलेत सर. त्या हातानं तिनं पहिलं काम काय करायचं, तर स्वतःच्या पाकिटावर बोळा फिरवायचा?”

मग समितीचे दुसरे दोघं आले. बाई, टेबल दुसऱ्या कुणाला तरी द्यायचंय, म्हणाले. कुणाला ते सांगितलं नाही. मी माझी ट्रंक उचलली, कमलनं डबा उचलला.

चहाचा गाडा

शाळेच्या फाटकाबाहेर एका चाचांचा चहाचा गाडा होता, पुढं एक लाकडी बाकडं. आम्ही दोघी त्यावर बसलो आणि ट्रंक मांडीवर घेऊन खलिया खाल्ला. वर लाल तर्री, आत मऊ मटण, आणि नान इतका मोठा की ट्रंकेवर पसरला. आमच्या तांबड्या रश्श्याची बरोबरी करतो, हे मी त्या दिवशी मेले तरी कबूल केलं नसतं. आज करते.

चाचांनी सगळा प्रकार ऐकला होता. शाळेत काही झालं की त्यांना आधी कळतं.

“टेबल निकाल दिये क्या तुम्हारा?”

“हो चाचा. इथं बसलो तर चालेल ना?”

“बैठो ना बाई. ये बाकडा कोन्सी बी समिती का नै है.” मग गाड्याच्या दोरीकडं बोट दाखवून म्हणाले, “किताबां ये डोरी पे टांगो. लोगां चाय पीते पीते देखते.”

आम्ही अंक दोरीवर टांगले. सगळे पान सात उघडून. हॉलमधनं चहाला येणारा प्रत्येक माणूस त्या पाकिटासमोर उभा राहून चहा प्यायला. काहींनी वाचून मान फिरवली. एकानं पेला अर्धा टाकून दिला आणि गेला. एक मध्यमवयीन गृहस्थ वाचून म्हणाले, “जयभीम, बाई,” आणि चष्मा पुसत राहिले. दगड काही आला नाही.

लासूर स्टेशन

दुसऱ्या दिवशी कमलला सुट्टी होती. “हॉलातल्यांनी वाचलं,” ती म्हणाली. “आता बाजारात चला. खरी परीक्षा तिथं हाय.” तिची मावशी लासूर स्टेशनला राहते आणि त्या दिवशी तिथला आठवडी बाजार होता. रेल्वेनं गेलो. किल्ला निम्मा दिसला तो इथंच.

बाजार मोठा. धान्य, मिरची, जनावरं, दोरखंड. आम्ही मावशीच्या भाजीच्या पालाशेजारी पोतं अंथरून अंक मांडले. चित्रकथा असं म्हटल्यावर लोक देवाची समजून नमस्कार करायला यायचे, गोदाक्काचं तोंड बघून परत जायचे. शेवटी एक म्हातारा धनगर टेकला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, मेंढरं विकून मोकळा झालेला. त्यानं अंक हातात घेतला, पान तीनवर माझी मेंढरं बघितली आणि गंभीरपणे म्हणाला, “ह्ये कुत्रं लई बेस काढलंय.”

“बाबा, ते मेंढरू आहे.”

“नाय. मेंढराचे कान असे नस्त्यात. ह्ये कुत्रंच.”

कमल पोट धरून हसली. मी वही पुढं केली. बाबांनी पेन्सिल काही धरली नाही, पण बोटानं हवेत कान काढून दाखवले, कसे खाली पडतात ते. सहा वर्षं मी हातांच्या मागं लागले होते, कानांकडं बघितलंच नव्हतं.

“आता वाचून दावा,” बाबा म्हणाले. “मला अक्षर येत नाय.”

कमल वाचायला लागली. तिचा आवाज चांगला खणखणीत. वाचता वाचता आठ-दहा माणसं गोळा झाली. पान सात आलं. पत्र परत आलं तिथं लोक हसले. मग शेवटच्या चौकटीतला पत्ता तिनं वाचला, नव्या नावासकट, एकेक शब्द सुटा करून. हसू थांबलं.

मागून एक पांढऱ्या कपड्यातला माणूस पुढं झाला. “ए बाई, बंद कर. हितं बाजार चाललाय. ह्ये असलं हितं वाचायचं नाय.”

कमलचा चेहरा पांढराफटक पडला. मला तिचं जळालेलं दप्तर आठवलं, आणि खरं सांगते, मला भीती वाटली. आयुष्यात पहिल्यांदा भांडायच्या वेळी माझी जीभ टाळ्याला चिकटली. कमलनं मात्र अंक मिटला नाही. बोट त्या ओळीवर तसंच ठेवून उभी राहिली.

बोलले ते बाबा. बसल्या जागेवरनं, वर न बघता.

“कामून नाय वाचायचं? मला समजू दे की गोष्ट. पोरीनं पाकीट घेतलं नाय, कारण नाव तिचं नव्हतं. मंग बरोबर हाय. माझ्या मेंढरांना मी नावं ठिवलीत. दुसऱ्या नावानं हाक मारली तर मेंढरू बी वळून बघत नाय. ही तर माणूस हाय.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. पांढऱ्या कपड्यातला माणूस बाबांकडं बघत राहिला, काहीतरी पुटपुटला, आणि मिरचीच्या पोत्यांकडं निघून गेला. बाबा म्हणाले, “हां, पुढं वाच.” कमलनं पुढं वाचलं. पान आठ, पान नऊ, शेवटपर्यंत वाचलं. जाताना बाबांनी अंक घोंगडीत गुंडाळून नेला. “नातू वाचंल,” म्हणाले.

परतीच्या गाडीत कमल खिडकीशी बसली होती. “आज पयल्यांदा मी ते नाव गावच्या बाजारात मोठ्यानं बोलले,” एवढंच म्हणाली. मी तिचा हात धरला. पेरांवरच्या रेघा हाताला लागत होत्या.

परत घरी

शेवटच्या दिवशी आम्ही पुन्हा चाचांच्या बाकड्यावर होतो. दुपारी देशपांडे सर स्वतः चहाला आले. दोरीवरचं पान सात त्यांनी वाचलं. माप घेताना बघितलं असेल, पण वाचलं बहुतेक पहिल्यांदाच. “ती पाकीटवाली ही,” मी कमलकडं बोट दाखवलं. तिच्याकडं वळून त्यांनी विचारलं, “पोस्टमन खरंच काही म्हणाला नाही?”

“म्हणला ना सर. म्हणला, आत काय हाय ते तरी बघ. मी म्हणलं, आत काय बी असू दे, वर माझा पत्ता नाय.”

सरांनी पेला ठेवला. “निवड समितीची बैठक व्हायचीय. कळवतो,” मला म्हणाले आणि आत गेले. म्हणजे आशा अजून होती. ती घेऊन मी गावी आले आणि रोज पोस्टमनची वाट बघायला लागले. मोर काढताना सुद्धा एक डोळा दारावर.

महिन्यानं पाकीट आलं. जाड, लांबोडकं, कोपऱ्यात समितीचा छापील पत्ता. मी धावत दारात गेले, हात पुढं केला, आणि छापील पत्ता वाचला. आमंत्रणावर शाळेचा पत्ता होता, ह्यावर मात्र विद्यापीठ गेटाजवळ, असा होता. आणि विद्यापीठाचं नाव जुनं.

पाकीट हाताला जड लागत होतं. पुस्तकाचा करार असला तर एवढंच जड लागलं असतं. मी ते उलटंपालटं केलं, उजेडाकडं धरलं. आमचे पोस्टमन, माने काका, कंटाळले. “सुमे, घे की. महिनाभर माझा जीव खाल्लास ना ह्याच्यासाठी?”

“काका,” मी म्हटलं, “लिहा. घेत नाही.”

“खुळी का शहाणी तू? आत काय आहे ते तरी बघ!”

“लिहा म्हणते ना.”

त्यांनी लिहिलं. मी आत जाऊन बसले आणि भोकाड पसरून रडले, सांगायला काय लाजायचं. आई म्हणाली, हातचं घालवलंस. घालवलं होतंच.

तीन आठवड्यांनी तेच पाकीट पुन्हा आलं. माने काकांचा शेरा तसाच होता. पण कोपऱ्यातल्या छापील जुन्या नावावर पेननं एक रेघ मारलेली होती आणि वर बारीक, नीटस अक्षरात नवं नाव लिहिलेलं. अक्षर एका मापाचं, ना कमी ना जास्त. ज्या हातानं पट्ट्या कापल्या त्याच हाताचं.

“आता?” काकांनी विचारलं.

“आता द्या.”

आत मेळाव्याचा छापील अहवाल होता, म्हणून जड. त्याच्यात माझं नाव कुठंच नव्हतं. आणि सरांची चिठ्ठी होती. समितीनं पुस्तकासाठी दुसरी चित्रकथा निवडली, वाईट वाटतं, असं लिहिलं होतं. खाली, जरा जागा सोडून, अजून एक ओळ, “मला घरच्यासाठी ‘चिमटा’ अंक सहाच्या पाच प्रती हव्यात. पान सात जसं आहे तसं.”

त्याच दिवशी मी पाच प्रती बांधल्या. वर पत्ता लिहिला, विद्यापीठाचं नवं नाव घालून, चांगल्या ठळक, काळ्या शाईत, पान सातवर काढलं होतं तसंच. सातव्या अंकाची मेंढरं काढायला घेतलीत, कान खाली पडलेले. पार्सल जाऊन आज दोन महिने झाले. परत आलेलं नाही.